अन्वय बाजूला ठेवल्यावर

संस्कृत शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि त्या सगळ्या काळात माझं एक मत ठाम होतं: अन्वय लागला की वाक्य समजलं. कर्ता शोधा, क्रियापद शोधा, विशेषणं उचलून आपापल्या विशेष्याशेजारी बसवा, मग अर्थ सांगा. शाळेत हेच शिकवलं आणि घरी शिकवणीला येणाऱ्या मुलांनाही हेच. आता ते मत राहिलेलं नाही. ते बदललं निवृत्तीनंतर, इथे रत्नागिरीजवळच्या पाली गावातल्या घरी, लॅटिन वाचताना. माझ्या हाताखाली शिकलेले काहीजण आज स्वतः संस्कृतचे शिक्षक आहेत आणि माझीच रीत पुढे चालवत आहेत. मुख्यतः त्यांच्यासाठी हे मनोगत.

आधी जुन्या मताची बाजू मांडतो, कारण ते हवेतून आलेलं नव्हतं. मल्लिनाथाने रघुवंशावर टीका लिहिताना सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे की आपण सगळं विवरण अन्वयाच्या वाटेनेच करणार. पाठशाळांत दंडान्वय आणि खंडान्वय अशा दोन रीती चालत आल्या. पहिलीत कर्त्यापासून क्रियापदापर्यंत शब्द सरळ ओळीत लावायचे. दुसरीत आधी क्रियापद पकडायचं आणि मग कोण, काय, कुठे, कसा असे प्रश्न विचारत एकेक शब्द त्याला जोडत जायचं. ही दुसरी रीत मला फार प्रिय होती. मागच्या बाकावरचा मुलगाही त्या प्रश्नांत ओढला जायचा, आणि शेवटी फळ्यावर सगळा श्लोक सुटून गद्य झालेला दिसला की वर्गाला समाधान वाटायचं. मलाही वाटायचं.

आमच्या भागाला तर या विद्येचा वारसाच आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ मध्ये तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालवणात जन्मले, रत्नागिरीत शिकले आणि पुढे रत्नागिरीच्याच हायस्कुलात मुख्याध्यापक झाले. त्यांच्या ‘मार्गोपदेशिके’वर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी संस्कृतची धुळाक्षरं गिरवली. महामहोपाध्याय पां. वा. काणे चिपळूणजवळच्या परशुरामचे. तेही काही वर्षं रत्नागिरीच्या हायस्कुलात शिकवत होते. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे, १९६३ मध्ये भारतरत्न मिळालेले काणे सर्वांना ठाऊक आहेत. विद्यार्थ्यांसाठी टिपा देऊन ‘कादंबरी’ आणि ‘हर्षचरित’ संपादित करणारे काणे मला त्याहून जवळचे. बी. ए.ला असताना त्यांच्या टिपांच्या आधाराने मी बाणभट्टाच्या पानापानाचा अन्वय वहीत उतरवला होता. ती वही मी नोकरीभर जपली.

लॅटिन घरात आली ती नातीमुळे. ती इंग्लंडात, लेस्टरला शाळेत आहे. तिथे तिने लॅटिन घेतली आणि मुलाने मला फोनवर सांगितलं, “बाबा, तुम्ही संस्कृतवाले. तिचा अभ्यास तुम्हीच घ्या.” मला लॅटिनचं एक अक्षर येत नव्हतं. पण हौस होती, वेळ होता, आणि नातीशी रोज बोलायला निमित्त मिळत होतं.

लॅटिन ही आपल्या मुलखाला अगदीच अनोळखी भाषा नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं. त्या काळी अभिजात भाषा म्हणून संस्कृत, फारसीच्या जोडीला लॅटिनही घेता येत असे. त्याच्याही कितीतरी आधी गोव्यातल्या राशोलला फादर थॉमस स्टीफन्स लॅटिन घेऊनच आले होते. त्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चं, आणि त्यांचं कोंकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं. त्या व्याकरणाचा साचा लॅटिनचा आहे. लॅटिन येत होती म्हणून त्यांना आपली भाषा उलगडता आली. मी त्याच रस्त्याने उलट्या दिशेने निघालो होतो.

व्याकरणाचा पहिला टप्पा सोपा गेला. आठ विभक्ती, तीन वचनं आणि दहा गण ज्याच्या जिभेवर आहेत त्याला लॅटिनमधले नामांचे पाच गट आणि क्रियापदांचे चार गण जड जात नाहीत. द्विवचन तर नाहीच. तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी एकाच विभक्तीत गोळा झाली आहे, तिची तेवढी सवय व्हावी लागते. व्हीलॉकचं प्रसिद्ध पाठ्यपुस्तक मी धड्यामागून धडा करत संपवलं. रूपं पाठ होती, सगळे स्वाध्याय सोडवले होते.

खरी अडचण पुढे आली. प्राचीन भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा मधला टप्पा माहीत असतो. व्याकरणाचं पुस्तक संपलेलं असतं, पण ग्रंथ उघडला की पान पुढे सरकत नाही. प्रत्येक शब्दाचं रूप ओळखता येतं, कोशात अर्थ सापडतो, आणि तरीही वाक्य उभं राहत नाही. युरोप-अमेरिकेत या टप्प्यावर परंपरेने सीझरचं गॉलच्या युद्धावरचं पुस्तक हाती देतात. स्वच्छ गद्य, ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा येणारे, आणि लेखक स्वतःबद्दलही ‘सीझरने असं केलं’ असं परक्यासारखं लिहिणारा. मीही तेच घेतलं आणि माझी जुनी रीत त्याला लावली. पेन्सिलीने प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर १, २, ३ असे आकडे घालायचे, मग आकड्यांच्या क्रमाने वाचायचं. इंग्रजी पाठ्यपुस्तकंही हेच सांगत होती: आधी क्रियापद शोधा, मग कर्ता, मग कर्म. खंडान्वयच तो. मला वाटलं, सगळीकडचे शहाणे एकाच निष्कर्षाला आले आहेत.

सीझरच्या पाचव्या भागात पुल्लो आणि वोरेनुस या दोन शतपतींची गोष्ट येते. रोमन छावणीला वेढा पडला आहे. बढतीवरून या दोघांची कायमची चुरस. पुल्लो वोरेनुसला आव्हान देतो आणि तटाबाहेर पडून शत्रूच्या गर्दीत घुसतो. त्याची ढाल भेदली जाते आणि एक भाला कमरपट्ट्यात रुतून बसतो. त्या भाल्याने म्यान बाजूला सरकतं, तलवार उपसायला गेलेला उजवा हात अडखळतो, आणि अडखळलेल्या त्याला शत्रू वेढतात. मग वैरी वोरेनुसच धावून येतो, आणि थोड्या वेळाने तोच पडतो तेव्हा पुल्लो त्याला वाचवतो. दोघे सुखरूप परततात. यातला सरस कोण हे ठरवता येत नव्हतं, अशा अर्थाचं लिहून सीझर प्रकरण संपवतो.

मी आकडे घालून लावलेला अन्वय नातीला फोनवर वाचून दाखवला. त्यात एक वाक्य असं झालं होतं: “म्यान सरकल्यामुळे तलवार उपसताना उजवा हात अडलेल्या पुल्लोला शत्रूंनी वेढले.” व्याकरणाच्या दृष्टीने बिनचूक. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण आबा, आधी म्यान सरकलं ना? मग हात अडकला. मग ते आले. तुम्ही सगळं एकदम सांगून टाकलंत.”

तिच्या शाळेत रीत वेगळी होती. तिथे केंब्रिजची पाठ्यपुस्तकं वापरतात, ती १९७० पासूनची. त्यांत पहिल्या पानापासून पाँपेई शहरातल्या केसिलियस नावाच्या सावकाराच्या घरच्या गोष्टी आहेत. मुलं आधी गोष्ट वाचतात, व्याकरण मागून येतं. मला ते कच्चं वाटत होतं, आणि काही अंशी अजूनही वाटतं. तिला विभक्ती विचारली की ती चाचपडायची. पण वाक्य डावीकडून उजवीकडे सरळ वाचून त्यातली घटना पाहणं तिला येत होतं, आणि मला येत नव्हतं. त्या दिवशी मी मात्र तिला अन्वयाचं महत्त्व समजावून सांगितलं आणि विषय संपवला.

मत बदललं ते धाकट्या प्लिनीच्या पत्राने. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा स्फोट झाला, पाँपेई बुडालं, आणि प्लिनीचा मामा, थोरला प्लिनी, त्यात गेला. तो मिसेनम इथल्या रोमन आरमाराचा प्रमुख होता. पुढे अनेक वर्षांनी इतिहासकार टॅसिटसने विचारल्यावरून भाच्याने दोन पत्रं लिहिली. त्याच्या पत्रसंग्रहाच्या सहाव्या भागात ती आहेत. पहिल्या पत्राच्या सुरुवातीला मामा ऊन खाऊन, थंड पाण्याने अंघोळ करून, आडवं पडून थोडं खाऊन पुस्तकं घेऊन बसला आहे. दुपारी एकच्या सुमारास प्लिनीची आई त्याला सांगते की आकाशात एक विलक्षण ढग दिसतो आहे. मामा चपला मागवतो आणि उंचावर जाऊन पाहतो.

इथे जे वाक्य येतं त्यावर मी आकडे घालायला पेन्सिल उचलली होती. वाक्यात पहिला शब्द ढग. त्याच्यानंतर क्रियापद नाही. मध्येच एक तुटक भाग: लांबून पाहणाऱ्यांना कळेना कुठल्या डोंगरातून, तो व्हेसुव्हियस होता हे मागाहून समजलं. मग क्रियापद, ‘उठत होता’. आणि त्याच्यापुढे आकार: दुसऱ्या कुठल्या झाडापेक्षा पाइनसारखा. इटलीतला पाइन आपल्या सुरूसारखा निमुळता नसतो. त्याचा बुंधा उंच सरळ जातो आणि वर छत्रीसारख्या फांद्या पसरतात. पुढच्या वाक्यात प्लिनी तो बुंधा आणि त्या फांद्याही दाखवतो, आणि ढग तसा का पसरला असेल याचे दोन तर्क एकापुढे एक ठेवतो, ठाम एकही नाही.

अन्वय लावला की काय होतं ते पाहा. “व्हेसुव्हियस नावाच्या डोंगरातून पाइन वृक्षाच्या आकाराचा ढग उठत होता.” माहिती सगळी आली. पण त्या दुपारी मिसेनमला उभ्या असलेल्या माणसांना जे दिसलं ते यात उरलंच नाही. त्यांना आधी फक्त ढग दिसला. कुठून येतो ते कळत नव्हतं. डोंगराचं नाव त्यांच्या तोंडी नव्हतं. ते लिहिणाऱ्याला मागाहून कळलं आणि ते त्याने कंसात टाकावं तसं मध्ये टाकलं. त्या शब्दांचा क्रम म्हणजे त्या माणसांच्या डोळ्यांचा क्रम होता. मी तो उचलून कर्ता-कर्म-क्रियापदाच्या रांगेत लावणार होतो आणि त्याला समजणं म्हणणार होतो. मी पेन्सिल खाली ठेवली. ते पान मग मी आहे तसंच, एकही आकडा न घालता, पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचलं.

दुसऱ्या पत्रात तर अभ्यास करणाऱ्या मुलाचंच चित्र आहे. मामा जहाजं घेऊन लोकांना सोडवायला गेलेला, प्लिनी सतरा वर्षांचा, आईबरोबर घरी मागे राहिलेला. रात्रभर भूकंपाचे हादरे बसत आहेत आणि हा मुलगा लिव्हीचा इतिहास मागवून घेतो, वाचत बसतो, नेहमीप्रमाणे उतारे काढत राहतो. याला धैर्य म्हणावं की अविचार हे आपल्याला सांगता येत नाही, असं तो स्वतःच लिहितो. हा मुलगा लिव्ही वाचत होता तो अन्वय लावून नक्कीच नव्हे. लिव्हीने जसा लिहिला तसा, त्याच ओळीने. रोमन मुलांना शब्द ज्या क्रमाने कानावर पडत त्याच क्रमाने समजत. मग आपण तो क्रम मोडून शिकायचा कशासाठी?

हा प्रश्न मला सरळ बाणभट्टाकडे घेऊन गेला. ‘कादंबरी’च्या कथेची सुरुवात शूद्रक राजाच्या वर्णनाने होते. बाण तिथे क्रियापद अगदी आरंभी ठेवतो: होता. कोण होता ते सांगत नाही. विशेषणांमागून विशेषणं येत जातात, सगळ्या राजांनी ज्याची आज्ञा डोक्यावर घेतली असा, चारी समुद्रांची मेखला ल्यालेल्या पृथ्वीचा स्वामी असा, आणि राजाचं नाव येतं ते सगळ्यात शेवटी. ऐकणाऱ्याच्या मनात राजा आधी पूर्ण उभा राहतो, मग त्याला नाव मिळतं. माझ्या वहीत पहिली ओळ होती: “शूद्रक नावाचा राजा होता.” वर्षानुवर्षं मी वर्गात ती फळ्यावर लिहिली. बाणाने राखून ठेवलेली गोष्ट मी दरवर्षी पहिल्या मिनिटाला फोडत होतो. मुलांना कादंबरी कंटाळवाणी वाटते अशी माझी तक्रार असायची. आज मला वाटतं, त्यांना बाण वाचायला मिळालाच नव्हता.

हा विचार माझा एकट्याचा नाही हे पुढे समजलं. अमेरिकेतले लॅटिनचे प्राध्यापक विल्यम गार्डनर हेल यांनी १८८७ मध्ये लॅटिन वाचण्याच्या कलेवर एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं असं की क्रियापद शोधायला वाक्याच्या शेवटी उडी मारणं ही रोमन माणसाची रीत असूच शकत नाही. सभेत बसलेल्या रोमन श्रोत्याला पुढचं वाक्य दिसत नव्हतं. म्हणून ते वर्गात एकेक शब्द देत आणि विचारत: या शब्दाची विभक्ती पाहून तो कोणकोणती कामं करत असू शकेल? आता तुम्ही कशाची वाट पाहाल? मग पुढचा शब्द. खंडान्वयासारखे प्रश्नच, पण ते वाक्याच्या चालीने विचारलेले. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण माझे प्रश्न टाकून द्यावे लागणार नव्हते. त्यांची जागा तेवढी बदलायची होती.

आणि इथे मराठी माणसाला एक मोठी सोय आहे, जी इंग्रजी पुस्तकांतून शिकताना माझ्या लक्षातच आली नव्हती. क्रियापदाची वाट पाहणं आपल्या हाडीमाशी आहे. “मी काल संध्याकाळी एस. टी.ने हातखंब्याला उतरून तुझ्याकडे” एवढं ऐकून कुणी गोंधळत नाही. आलो, येणार होतो, की आलोच नाही, ते शेवटी कळेल हे आपण गृहीत धरतो. इंग्रजी मुलाला हे मुद्दाम शिकावं लागतं. म्हणून त्याच्या पुस्तकात क्रियापद आधी शोधायचा नियम. तो नियम आपल्याला लागूच नव्हता आणि मी तो डोळे मिटून पाळत होतो.

आणखीही आहे. लॅटिनमध्ये ‘मला दोन भाऊ आहेत’ अशीच रचना चालते, चतुर्थी घालून. सीझर एके ठिकाणी ‘दोन वाटा होत्या, ज्या वाटांनी बाहेर पडता येई’ असं ‘वाटा’ दोनदा वापरून लिहितो. इंग्रजी टिपांत त्याची खास नोंद करावी लागते. मराठी कानाला तिथे काहीच खटकत नाही. सति सप्तमीसारखी रचना ओळीगणिक येते, आणि आपल्याकडे ती ‘हे झाल्यावर’, ‘तो गेला असता’ अशी सहज उतरते. मी लॅटिन वाक्याचं आधी इंग्रजी करत होतो आणि मग इंग्रजीतून समजून घेत होतो. सरळ मराठीत विचार करायला लागल्यावर सीझर हलका झाला.

सगळीकडे मराठी कामाला येते असंही नाही. सीझर दुसऱ्याचं बोलणं देतो तेव्हा पानच्या पान अप्रत्यक्ष कथनात जातं: कर्ता द्वितीयेत, क्रियापद भाववाचक रूपात, आणि ‘तो म्हणाला’ हे कुठेतरी मागे राहिलेलं. याला मराठीत जोड नाही. ते वाचून वाचूनच अंगवळणी पडतं. सिसेरोच्या भाषणात विशेषण एका टोकाला आणि विशेष्य चार शब्द पलीकडे, तिथे लिंग-वचन-विभक्ती क्षणात ओळखता आली नाही तर वाट पाहण्याला अर्थच उरत नाही. म्हणून रूपं पाठ हवीतच, या मताला मी आजही धरून आहे, आणि नातीकडून ती करून घेतली आहेत. बदललं आहे ते एवढंच: रूपं पाठ झाली की लगेच लेखकाच्या हाती स्वतःला सोपवावं, आणि त्याच्या वाक्याला हात लावू नये.

माझं रोजचं वाचन आता असं चालतं. सकाळी, महामार्गावरची वर्दळ वाढायच्या आधी बसतो. आमची पाली म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाला कोल्हापूरची वाट फुटते ते ठिकाण. दिवस चढला की नाणीज, साखरप्याकडून आंबा घाटाला जाणाऱ्या ट्रकांचा आवाज घरात येतो. अर्धं पान घेतो. आधी सगळं मोठ्याने वाचतो, अर्थाच्या मागे न लागता. मग सावकाश, शब्द येईल तसा धरत. अडलेला शब्द वहीत लिहितो, पुस्तकात शब्दावर अर्थ कधीच लिहीत नाही, कारण एकदा वर मराठी दिसलं की डोळा खालच्या लॅटिनवर थांबत नाही. लोएब मालेच्या पुस्तकांत डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी असतं. उजवं पान मी जाड कागदाने झाकतो आणि दुसऱ्या दिवशी उघडतो. शेवटी वही मिटून तेच अर्धं पान पुन्हा. अन्वय लावतो तो एखादं वाक्य कशानेच सुटलं नाही तर, आणि मग वाक्य परत मूळ क्रमाने वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

भाच्याकडून मी मामाकडे वळलो. थोरल्या प्लिनीचा ३७ भागांचा ‘निसर्गाचा इतिहास’ हा मधल्या टप्प्यावरच्या वाचकाला कठीणच. वाक्यं आखूड, तुटक, क्रियापदं गाळलेली. पण सहाव्या भागात तो इजिप्तहून हिंदुस्थानात येण्याचा समुद्रमार्ग सांगतो आणि ती पानं मी सोडू शकलो नाही. अरबस्तानच्या भूशिरावरून पश्चिमेचा वारा धरून जहाजं सिंधच्या बाजूला यायची. पुढच्या पिढीला त्याहून जवळची आणि सुरक्षित वाट सापडली: त्याच भूशिरावरून सिगेरुस नावाच्या हिंदुस्थानातल्या बंदरात. त्यानंतर व्यापाऱ्यांनी आणखी जवळची वाट काढली. चाच्यांच्या भीतीने जहाजांवर तिरंदाजांच्या तुकड्या ठेवाव्या लागत. या व्यापारापायी दरवर्षी निदान पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थानात जातात, असा आकडा तो देतो.

सिगेरुस म्हणजे आमच्या तालुक्यातलं, शास्त्री नदीच्या मुखावरचं जयगड, असं काही अभ्यासक मानतात. सगळ्यांना ते मान्य नाही आणि मीही त्यावर पैज लावणार नाही. पण वाऱ्याबद्दल शंका नाही. भर उन्हाळ्यात इजिप्तहून निघावं, तांबड्या समुद्रातून बाहेर पडावं, आणि तिथून त्या वाऱ्यावर चाळीस दिवसांत मुझिरिस हे हिंदुस्थानातलं बंदर गाठावं. परतायचं ते डिसेंबर-जानेवारीत, उलट्या वाऱ्यावर. हा आपला नैर्ऋत्य मोसमी वारा आहे, आणि व्हेसुव्हियसच्या राखेत मेलेल्या माणसाने त्याचं वेळापत्रक लिहून ठेवलं आहे. ते मी आषाढात, कौलांवर पाऊस कोसळत असताना, त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच क्रमाने वाचू शकलो. अन्वयाच्या वहीतून हे मला मिळालं नसतं.

माझ्या शिक्षक विद्यार्थ्यांना एवढंच सांगायचं आहे. परीक्षेत अन्वय विचारतात, तो शिकवा. पण श्लोक किंवा उतारा आधी मूळ क्रमाने, निदान दोनदा, मोठ्याने वाचून घ्या आणि मुलांना विचारा: एवढं ऐकून तुम्हाला काय दिसलं? पुढे काय येईल असं वाटतं? कादंबरी शिकवाल तेव्हा शूद्रकाचं नाव बाणाने ठेवलं आहे तिथेच येऊ द्या.

आणि एक विनंती आहे ती वसईतल्या आणि गोव्यातल्या मंडळींना. तिथे सेमिनरीत शिकलेली, लॅटिन आणि मराठी दोन्ही उत्तम येणारी माणसं आहेत. त्यांनी प्लिनीची व्हेसुव्हियसवरची दोन पत्रं मराठी टिपांसह छापावीत. मूळ मजकूर दहा पानांच्या आत बसतो. टिपा इंग्रजीवरून उतरवलेल्या नकोत. मराठी वाचकाला जिथे अडेल तिथे आणि जे आधीच येतं त्याच्या आधारानेच त्या लिहाव्यात, जसं काण्यांनी कादंबरीच्या विद्यार्थ्यांसाठी केलं तसं. माझ्या वहीतल्या नोंदींचा उपयोग होणार असेल तर ती मी देईन, आणि छपाईच्या खर्चातला माझा वाटाही उचलेन.